डाव्या हाताचं वेल्डिंग

ठिणग्याचं खरं नाव हजेरीपटापुरतंच उरलं होतं. जुनी जहाजं तोडायच्या यार्डात तो गॅसकटर चालवायचा. उडालेल्या ठिणग्यांनी त्याच्या शर्टाची अशी काही चाळण झालेली असायची की मुकादम म्हणायचा, "ह्याच्यातून वाळू तरी चाळून घ्या रे कुणी."

लोखंड कापणं आणि जोडणं, दोन्ही त्याला दादानं शिकवलं होतं. दादा म्हणजे त्याचा थोरला भाऊ. तो डावखुरा होता, त्यामुळे वेल्डिंगची रेघ तो सगळ्या जगाच्या उलट्या बाजूनं ओढायचा. बाकीच्यांच्या जोडावरचे खवले एका अंगाला कललेले, तर दादाचे दुसऱ्या. वर वेल्डिंगची प्रत्येक कांडी वितळून संपली की शेवटाला स्वल्पविरामासारखा एक बारीक आकडा मारायचा. "सही करून ठेवलेली बरी," असं म्हणून स्वतःच हसायचा.

पुढे दादा 'मारिसोल' नावाच्या मालवाहू जहाजावर फिटर म्हणून लागला. नऊ वर्षांपूर्वी एकोणीस माणसं आणि पोटभर तांबं घेऊन मारिसोल निघाली आणि सातव्या दिवशी नाहीशी झाली. शेवटचा संदेश होता, "हवा स्वच्छ, सगळं ठीक." त्यानंतर ना तेलाचा तवंग सापडला, ना फळी, ना कुणाचं जॅकेट. विमानांनी चार दिवस घिरट्या घातल्या. त्याच पट्ट्यात बऱ्याच वर्षांपूर्वी एक टपालाचं विमान गेलं होतं, त्याचाही पत्ता लागला नव्हता. वर्तमानपत्रांना आयतंच कोलीत मिळालं. कुणी लिहिलं, समुद्राच्या तळातून वायूचे बुडबुडे येतात आणि जहाज दगडासारखं खाली जातं. कुणी लिहिलं, तिथं होकायंत्राला वेड लागतं. चौकशीचा अहवाल चौदा पानांचा आला आणि चौदाव्या पानावर दोन शब्द होते : कारण अज्ञात.

"बुडबुडे म्हणे," वहिनी म्हणाली होती. "उद्या म्हणतील माशानं गिळलं." तिनं ते वर्तमानपत्र फाडलं नाही, टाकलं नाही, कपाटात खाली अंथरून टाकलं. यार्डाच्या फाटकाजवळ पत्र्याची एक खोली होती. भाजलेल्या, कापलेल्या माणसांना तिथं आणायचे. वहिनी तिथं मलमपट्टी करायची. शंभरातल्या नव्वद कामगारांच्या अंगावर तिनं घातलेला एखादा तरी टाका होता. मृत्यूच्या दाखल्यावर मात्र तिनं नऊ वर्षांत सही केली नव्हती. "गेला असेल तर गेला, भावोजी," ती म्हणायची. "मी काही वेडी नाही. पण झालं काय, ते मला कुणीतरी सांगा. मग करते सही."

त्या वर्षी मोठ्या भरतीला 'ग्लोरी' नावाचं एक गंजकं जहाज किनाऱ्यावर चढवलं. कागदपत्रं पुरी होईपर्यंत जहाजावरचा एक माणूस मागे राहतो, तसा ह्या जहाजाचा सारंग राहिला होता. सारंग म्हणजे खलाशांचा म्होरक्या. पन्नाशीचा, रुंद हाडाचा, बोलायला गोड. मुकादमाशी त्याची दोन दिवसांत गट्टी जमली. पण जहाजाच्या पुढच्या भागात काम सुरू व्हायचं ठरलं, तशी त्याची चुळबुळ सुरू झाली.

"पुढे जाऊ नका. टाकीत विषारी गॅस साठलाय," तो म्हणाला.

"तपासणीचा कागद आलाय. सगळं साफ आहे," मुकादम म्हणाला.

"कागदानं माणूस वाचतो का? तो भाग मी स्वतः उघडून देतो. दोन दिवस थांबा."

मुकादमाला थांबायचं नव्हतं. त्यानं ठिणग्याला पुढे पाठवलं. बरोबर ढोल होता. ढोल म्हणजे नळ्या आणि सिलिंडर सांभाळणारा मदतनीस, ठिणग्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. त्याच्या पोटामुळे त्याला ते नाव पडलं होतं आणि त्याला त्याचं काही वाटत नसे.

दोघं शिडीनं खाली उतरले. पुढच्या दोन टाक्यांच्या मध्ये माणूस वाकून चालेल एवढी एक बंद पोकळी होती. अशा पोकळीच्या तोंडावर पोलादी झाकण असतं, एरवी बोल्टांनी आवळलेलं. हे झाकण मात्र बोल्ट कापून, कडेनं गोल वेल्डिंग करून कायमचं बसवलेलं होतं. वर रंगाचे थर. रंगावर ज्योत मारली की धूर छातीत जातो, म्हणून ठिणग्या आधी हातोडीनं रंग उडवू लागला. वीतभर रेघ उघडी पडली आणि त्याचा हात थांबला.

खवले उलटे कललेले होते. तिथून थोडं पुढे, कांडी संपली त्या जागी, एक बारीक आकडा होता. आणखी पुढे आणखी एक.

"काय झालं रे?" ढोलनं विचारलं. "साप दिसल्यासारखा काय बघतोस?"

ठिणग्या तडक वर गेला आणि कमरेला दोर बांधून जहाजाच्या नाकाडावरून खाली लोंबकळला. 'ग्लोरी' ही अक्षरं नुसती रंगवलेली होती. त्यांच्या आजूबाजूचा रंग तो खरवडत गेला. निळा गेला, पांढरा गेला, तांबडा गेला, आणि खाली घासून सपाट केलेल्या अक्षरांचे चट्टे दिसायला लागले. पोलाद घासलं तरी जुन्या अक्षराची जागा लपत नाही. मा. रि. पुढचं वाचायची गरजच नव्हती, तरी त्यानं शेवटच्या अक्षरापर्यंत रंग खरवडला.

नऊ वर्षं जहाज कुठल्याही समुद्रात बुडालेलं नव्हतं. ते दुसऱ्या नावानं माल वाहत होतं.

तो खाली आला तेव्हा त्याचं तोंड बघून ढोलनं थट्टा केली नाही. मुकाट्यानं गॅस सोडला. ठिणग्यानं आधी एक बारीक भोक पाडलं, आतली हवा बाहेर येऊ दिली, मेणबत्ती धरून पाहिली. मग रेघेच्या आतल्या अंगानं, दादाचा जोड शाबूत ठेवून, त्यानं झाकण कापलं. अर्धा तास लागला. झाकण आत कोसळलं, त्याचा आवाज सबंध जहाजभर गेला.

ढोलनं बॅटरी मारली आणि पहिला तोच मागे सरकला.

आत माणसं होती. म्हणजे माणसांचं जे उरतं ते होतं : हाडं, हाडांवर सुकून चिकटलेली कातडी, कामाचे निळे कपडे. बहुतेक सगळी तोंडाजवळ गोळा झालेली, एकावर एक. एकाच्या हातात अजून बूट होता, टाचेकडून झिजून गेलेला. त्या बुटानं तो पोलाद ठोकत राहिला असणार, कारण तोंडाच्या बाजूचा रंग हातभर उडालेला होता. बाकीच्या ठिकाणी नखांच्या रेघा होत्या. ठिणग्यानं कवट्या मोजल्या. दोनदा मोजल्या. अकरा.

"देवा रे," ढोल म्हणाला.

ठिणग्या मात्र पुन्हा कडेच्या जोडाकडे वळला होता. उरलेला रंग त्यानं उडवला. जोड सगळा दादाचा होता. फक्त खालच्या अंगाला, पटकन नजर जाणार नाही अशा जागी, चार बोटं रुंदीचा तुकडा वेगळा होता : गोळे गोळे, फेस आल्यासारखा, उजव्या हाताचा. कुण्या अडाण्यानं नंतर बुजवलेला. दादानं तेवढी जागा मुद्दाम उघडी ठेवली होती. माणसांना श्वास घेता यावा म्हणून.

मागून पायरी वाजली. सारंग शिडी उतरत होता. हातात आगीच्या वेळी दार फोडायची लांब दांड्याची कुऱ्हाड. त्याची नजर कापलेल्या तोंडावर गेली आणि बोलण्यातला गोडवा पार निघून गेला.

"सांगितलं होतं, नका उघडू म्हणून."

"हे शेवटचं कुणी बुजवलं?" ठिणग्यानं विचारलं.

सारंगनं कुऱ्हाड चालवली. ती आधी ढोलवर आली, कारण ढोल जवळ होता. ढोलनं हात वर केला आणि पातं कोपराखाली हाडापर्यंत बसलं. ढोल गुरासारखा ओरडला. सारंगनं पाय लावून पातं ओढून काढलं आणि दुसरा घाव ठिणग्यावर घातला. ठिणग्या वाकला. पातं त्याच्या डोक्यामागच्या पोलादावर आपटलं, आणि घसरताना त्याच्या डाव्या कानाची वरची पाळी घेऊन गेलं. कान गेलाय हे त्याला कळलं नाही. मानेवरून काहीतरी गरम ओघळतंय एवढंच कळलं. त्यानं डोकं खाली घालून सारंगच्या पोटात धडक मारली. दोघं आडवे झाले. सारंग ताकदीनं दुप्पट होता. त्यानं ठिणग्याचा गळा धरला आणि त्याचं डोकं जमिनीवर आपटायला सुरुवात केली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा ठिणग्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. चाचपडणाऱ्या हाताला कटर लागला. तो अजून पेटलेला होता.

त्यानं ज्योत सारंगच्या मनगटावर टेकवली.

जे लोखंड कापतं ते मांसाला काय सोडणार? सारंगची किंकाळी वरच्या डेकवरच्या माणसांनी ऐकली. गळा सुटला. आता ठिणग्या वर होता. गुडघा छातीवर ठेवून त्यानं ज्योत सारंगच्या खांद्यावर नेली, मग मानेकडे. जळक्या कातडीच्या वासानं त्याचं डोकं फिरलं नाही, उलट थंड झालं. त्याला तो माणूस मारायचाच होता. सावकाश, कांडीकांडीनं.

"अरे थांब!" रक्तानं माखलेल्या ढोलनं एका हातानं नळीचा कॉक फिरवला. ज्योत फट्कन विझली. "हा मेला तर सांगणार कोण? वहिनीला काय, पुन्हा चौदा पानं वाचायला देणार?"

ठिणग्याच्या हातातून कटर गळून पडला.

वरून धावत आलेल्या कामगारांनी तिघांनाही बाहेर काढलं. मलमपट्टीच्या खोलीत वहिनीनं आधी ढोलचा हात घट्ट बांधला, मग ठिणग्याच्या कानाला टाके घातले. टाके घालता घालताच त्यानं तिला सगळं सांगितलं. जोड, आकडे, अकरा माणसं, चार बोटांची जागा. तिची सुई एकदाच थांबली. मग पुढचा टाका पडला.

"पोलिसांना फोन केलाय?" तिनं विचारलं.

"ढोलनं केलाय."

"बरं." ती सारंगच्या बाकाकडे गेली. त्याचं मनगट काळं पडलं होतं, बोटं हलत नव्हती. तिनं जखम धुवायला घेतली. नेहमीसारखी, हलक्या हातानं. "मी त्या फिटरची बायको," ती म्हणाली. "तुमचं दुखणं मी कमी करू शकते. आधी बोला."

सारंग बोलला. दुखण्यापुढे माणसाचं काही चालत नाही. मारिसोलवरही सारंग तोच होता. सातव्या दिवशी दोन वेगवान बोटी आल्या. शिडी त्यानंच सोडली होती. आधीपासून ठरलेलं होतं. कप्तानासकट सहा जणांना गोळ्या घालून पाण्यात ढकललं. उरलेल्या अकरा जणांना पोकळीत कोंबलं आणि फिटरला सांगितलं, झाकण पक्कं कर, तीन दिवसांनी किनाऱ्याला लागलो की सोडून देऊ.

"त्यानं ऐकलं?"

"कानाला बंदूक होती. आणि त्याला ते खरं वाटलं. हात थरथरत होते, तरी रेघ सरळ आली. मी बघत होतो."

"मग?"

"दुसऱ्या दिवशी तो खाली सापडला. त्या फटीतून नळीनं आत पाणी सोडत होता. ओठ लावून कुणाशी तरी बोलत होता. बोटवाल्यांचा म्होरक्या म्हणाला, बंदरात आवाज बाहेर येईल, बुजवा. फिटर नाही म्हणाला. त्याला साखळीनं मारलं, दात पाडले, तरी नाही म्हणाला. हातोडा उचलून एकाची कवटी फोडली त्यानं. तो माणूस जागच्या जागी गेला. मग फिटरच्या छातीत गोळी घातली. लगेच मेला नाही. तसाच ओढत नेऊन पाण्यात टाकला."

"आणि फट तुम्ही बुजवली," वहिनी म्हणाली.

सारंगनं मान खाली घातली. "मीच."

"वेल्डिंग कुठं शिकलात?"

"त्यानंच शिकवलं होतं. रिकाम्या दिवसांत."

वहिनीनं पट्टी गुंडाळली. गाठ मारली. कात्रीनं टोक कापलं. मग तिनं आपले दोन्ही तळवे त्या जळक्या मनगटावर ठेवले आणि सगळं अंग टाकून दाबलं. सारंग बाकावर कमानीसारखा उचलला गेला, त्याच्या घशातून आवाजसुद्धा नीट फुटेना. ती दाबतच राहिली. ठिणग्यानं तिला आवरलं नाही. शेवटी ती आपण होऊन बाजूला झाली, तिनं हात धुतले.

"हे माझं," ती म्हणाली. "बाकीचं कोर्टाचं."

तेवढ्यात दाराशी मुकादम आला. मागे चार माणसं, हातात सळया.

"सारंगला आमच्या ताब्यात द्या, वहिनी," तो म्हणाला. "जहाजाला सील लागलं तर यार्ड बंद पडेल. तीनशे माणसं घरी बसतील. मालकानं सांगितलंय, पुढचा भाग आजच्या आज कापून भट्टीला लावायचा. मेलेले काही परत यायचे नाहीत. तुम्ही शहाण्या आहात."

"शहाणी असते तर नऊ वर्षं इथं पू पुसत बसले असते का?"

मुकादमानं मागच्यांना मानेनं खूण केली आणि पहिली सळई ठिणग्याच्या बरगड्यांवर बसली. आत काहीतरी मोडल्याचा आवाज त्यानंच ऐकला. तो दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. दुसरी सळई गुडघ्यावर आली, तिसरी पाठीवर. तो खाली बसला, पण उंबऱ्यातच आडवा पडला. आत जायचं तर त्याच्यावरून जायला हवं होतं. एक जण गेलाही. वहिनीनं स्पिरिटची बाटली त्याच्या तोंडावर फोडली. तो डोळे धरून बोंबलत बाहेर पडला, पुढचा कचरला. मुकादमानं स्वतः सळई उचलली आणि वहिनीच्या खांद्यावर घाव घातला. ती टेबलावर आपटली, बाटल्या खळाखळा फुटल्या.

ते मात्र अंगणात जमलेल्या कामगारांनी बघितलं.

तीनशे माणसं घरी बसणार हे त्यांनीही ऐकलं होतं. तोवर ते गप्प उभे होते. खरं तर त्यातल्या निम्म्यांना मुकादमाचंच म्हणणं पटत होतं. पण त्या खांद्यावर घाव पडलेला बघितला आणि दोर-साखळ्या बांधणारा एक म्हातारा रिगर पुढे झाला. त्याच्या मांडीला वहिनीनं एकवीस टाके घातले होते. त्यानं हातातला पाना मुकादमाच्या जबड्यावर मारला. मग कुणाला कुणी आवरेना. मुकादमाला वाळूत लोळवून तुडवलं. पोलिसांची गाडी फाटकात शिरली तेव्हा त्याचा एक डोळा उघडत नव्हता, आणि तो त्याच पोलिसांना हात जोडून "मला वाचवा" म्हणत होता.

जहाजाला सील लागलं. यार्ड सहा महिने बंद पडलं. मुकादम खोटं बोलत नव्हता, घराघरांत चुली थंडावल्या आणि लोक ठिणग्याला रस्त्यात शिव्याही द्यायचे. ढोलचा हात वाचला, पण मूठ वळेना. सारंगनं सगळं लिहून दिलं, दोन बोटवाल्यांची नावं सांगितली, आणि खटला उभा राहण्याआधीच तुरुंगात कुणीतरी त्याला भोसकलं. सारंगला जाळल्याबद्दल ठिणग्याला आठ महिन्यांची शिक्षा झाली. त्यानं कोर्टात सांगितलं, "ढोलनं कॉक फिरवला नसता तर मी त्याला मारला असता." वकील कपाळावर हात मारून घेत राहिला.

तुरुंगात जाण्याच्या आदल्या दिवशी अकरा जणांचे नातेवाईक अवशेष घ्यायला यार्डात आले. सरकारी मंडपात खुर्च्या मांडल्या होत्या. ठिणग्या आणि वहिनी मागे उभी होती. दादाचं काहीच सापडलेलं नव्हतं, त्यामुळे यादीत त्यांचं नाव नव्हतं. एका खलाशाचा बाप, सत्तरीचा, काठी टेकत एकेकाला विचारत फिरत होता. तो ठिणग्यापुढे येऊन थांबला.

"झाकण ज्यानं बंद केलं तो कोण होता, तुम्हाला ठाऊक आहे म्हणतात."

काहीतरी दुसरं सांगता आलं असतं. ठिणग्याच्या मनात तसं आलंही.

"माझा भाऊ," तो म्हणाला.

म्हाताऱ्यानं हातातली काठी टाकली आणि ताकदीनिशी त्याच्या थोबाडीत मारली. तुटका कान झणझणला. दुसरी मारली. तिसरीला म्हाताऱ्याचाच तोल गेला, तेव्हा ठिणग्यानं त्याला दंडाला धरून सावरलं. तो हात झटकून टाकायची ताकद म्हाताऱ्यात उरली नव्हती.

वहिनीनं खुर्ची ओढली, त्याला बसवलं, पाण्याचा पेला हातात दिला आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसली. दुखरा खांदा तिनं दुसऱ्या हातानं धरला होता.

"आणखी मारायचं असेल तर मारा, बाबा, आम्ही कुठं जात नाही," ती म्हणाली. "पण झालं काय, ते ऐकून घ्या. तुमच्या मुलाशी शेवटचं बोलला तो माझा नवरा असेल."

म्हाताऱ्यानं पाणी न पिताच पेला खाली ठेवला.

"सांगा," तो म्हणाला.